साक्षीच्या आदल्या दिवशी

या घरात कुठलंही पुस्तक छापून बाहेर पडण्याआधी जेवणाच्या टेबलावरून जायचं. ही पद्धत लेखकाने लग्नानंतर लगेच सुरू केली, तेव्हा टेबलाशी तो आणि बायको असे दोघेच असायचे. आता पाच जण बसतात. धाकटी मोठ्याने वाचते, बाकीचे ऐकतात, आणि ज्याला एखादं वाक्य खटकेल त्याने बोटाचं पेर टेबलावर वाजवायचं. का खटकलं ते सांगितलंच पाहिजे असं नाही. वाजलं की लेखक पेन्सिलीने समासात फुली मारतो आणि नंतर एकटा बसून त्या वाक्याचा निकाल लावतो. सहा पुस्तकं अशी टेबलावरून गेली. थोरल्याने सगळ्यात जास्त वेळा टेबल वाजवलं, कारण त्याला मुळात वाजवायलाच आवडायचं. धाकटी क्वचित वाजवायची, पण नेमकं. सुनेने एकदाच, तेही भीत भीत. आईने मात्र कधीच नाही. "मला सगळंच आवडतं," असं ती म्हणायची, आणि "म्हणजे तू ऐकतच नाहीस," असं म्हणून लेखक तिला चिडवायचा.

सातव्या पुस्तकाची मुद्रितं त्या रविवारी दुपारी टेबलावर येऊन पडली होती, पण घराचं लक्ष त्यांत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनावणी होती, रस्त्याचा दुसरा टप्पा होऊ द्यायचा की नाही याची. पाणथळीवरून जाणाऱ्या रस्त्याच्या पहिल्या टप्प्याने निम्मी पाणथळ कधीच गिळली होती. उरलेली निम्मी अजून टिकून होती ती मुठीत मावेल एवढ्या एका पक्ष्यामुळे. बोरूचिमणी जिथे राहते तिथे भराव टाकायचा नाही, असा नियम होता. आता ही चिमणी दिसत म्हणून नाही. बोरूच्या उंच गवताच्या बेटात खाली, पाण्यालगत तिचं सगळं आयुष्य जातं. पहाटे तेवढी ओरडते, किटली उकळायच्या जरा आधी धरते तसा बारीक, उंच सूर. तो सूर आपण रोज ऐकतो असं जगाला सांगणारा माणूस एकच होता, आणि उद्या तोच साक्षीला उभा राहणार होता. आत्ता लेखक आतल्या खोलीत साक्षीला घालायचा कोट हँगरला लावून त्याच्याकडे बघत बसला होता.

*

सुनेने स्वयंपाकघराचं दार पायानेच लोटून घेतलं. तिचा धंदा कानांचा. लोकांचे कान तपासायचे आणि त्यांना ऐकायचं यंत्र बसवून द्यायचं. फोनची घंटा ऐकू येत नाही म्हणून गेल्या आठवड्यात तिने सासऱ्यांना आपल्या दवाखान्यात बोलावलं होतं. काचेच्या बंद खोलीत बसवून, कानांवर हेडफोन चढवून हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा. खालचे सूर त्यांनी पटापट टिपले. मग ती एकेक पायरी वर चढत गेली, आणि सासरे काचेपलीकडे बटणावर अंगठा ठेवून, पुढचं कधी सुरू होतंय याची वाट बघत शहाण्या मुलासारखे बसून राहिले. तिला भडभडून आलं होतं.

"आई, एक विचारू?"

"विचार की. परवानगी कसली मागतेस?" सासू कप विसळत होती.

"बाबांना बारीक आवाज अजिबात ऐकू येत नाहीत. आणि हे आजचं नाही. असा कान एका वर्षात होत नाही, कितीतरी वर्षं लागतात."

"ठाऊक आहे मला." सासूने शाळेत गाणं शिकवण्यात जन्म घालवला होता. वर्गभर पोरं एका सुरात ओरडत असताना बेसूर कोण ते तिला फळ्याकडे तोंड करूनही कळायचं. "त्यांना माझ्या बांगड्या ऐकू येईनाशा झाल्या तेव्हाच कळलं."

"मग बोरूचिमणी?"

"मी असते ना बरोबर."

दोघं बरोबर असतात हे सगळ्या घराला माहीत होतं. दोघं पहाटे पाणथळीच्या जुन्या बांधावर जाऊन बसायचे. काही वेळाने लेखक बायकोकडे वळून बघायचा, ती होकारार्थी मान हलवायची, आणि मग ते घरी यायचे. सगळे त्याला प्रेम म्हणायचे. धाकटीने तर मागच्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत तसं छापलंही होतं.

"पण तुम्हाला येते का ऐकू?" सुनेने विचारलं.

"माझे कान शाबूत आहेत, बाई."

"ते नाही विचारलं मी."

सासूने नळ मोठा सोडला. "पहिल्या टप्प्याचा भराव पडला ना, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून नाही," ती म्हणाली.

"आई!"

"ओरडू नकोस. पहिल्या दिवशी वाटलं, आज वारा आहे, उद्या ओरडेल, म्हणून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी काल हो म्हटलेलं होतं. मग काय, रोजचंच झालं. परत येताना ते इतके खूश असायचे गं. माझ्या हातातली पिशवी स्वतः घ्यायचे. म्हटलं, एवढं तरी असू दे माणसाला."

"अहो, पण मागचं अख्खं पुस्तक त्यावर लिहिलंय त्यांनी. आणि हेही. आणि उद्या..."

"उद्याचंच बघतेय मी. आठवडाभर झोप नाही." तिने नळ बंद केला. कप सगळे धुऊन झाले होते, तरी तिने त्यातला एक उचलून परत विसळायला घेतला. सुनेला सासूचा रागही आला आणि तिला मिठीही मारावीशी वाटली. दोन्हीपैकी काहीच न करता तिने तो कप तिच्या हातातून काढून घेतला.

*

बाहेर गॅलरीत भावाबहिणीची जुंपली होती. थोरला रस्त्यांच्या कचेरीत नकाशे आखायचा. बाप पाणथळ वाचवतो आणि पोरगा रस्ते ओढतो, यावर घरात इतके विनोद होऊन गेले होते की आता कुणी हसतही नसे. हा रस्ता त्याच्या विभागाकडे नव्हता, पण कचेरीत भिंतींना कान असतात तशी तोंडंही असतात.

"त्यांनी वर्षभर बोरूत आवाज टिपणारी यंत्रं लावली होती," तो म्हणाला. "सगळीकडे. बारा महिन्यांत एकदासुद्धा ओरडलेली नाही ती. उद्या बाबांना आधी बोलू देतील आणि मग तो अहवाल पुढे करतील."

"आणि हे तुला कळलं, आणि तू इतके दिवस गप्प?"

"मला शुक्रवारी कळलं. आज सांगतोय. सांगितलं म्हणून नोकरी जाऊ शकते माझी."

"यंत्रं खोटी असतील. नाहीतर चुकीच्या जागी लावली असतील. बाबा रोज ऐकतात, दादा. रोज!" धाकटीचा आवाज चढला. तिची स्वतःची बरी चाललेली प्राध्यापकी होती. ती सोडून तिने बापाची पुस्तकं हाती घेतली. संपादन ती करायची, पत्रव्यवहार ती बघायची, भाषणाला जाताना बापाच्या शर्टाचं बटणही तीच लावायची. 'माझं लग्न पाणथळीशी लागलंय' असं ती हसत सांगायची, आणि हल्ली सांगताना पूर्वीइतकी हसायची नाही. "तुला त्यांनी जाऊच नये असं वाटतंय. तुझ्या साहेबांची सोय होईल."

"मला त्यांची भर सभेत शोभा होऊ नये असं वाटतंय! सत्तरी उलटलेला माणूस आहे. जन्मभर एक शब्द खोटा लिहिला नाही. त्याला उद्या खोटारडा म्हणतील आणि वर्तमानपत्रवाले ते छापतील."

"म्हणून पळून जायचं? ते गेले नाहीत तर परवा डंपर उभे राहतील तिथे."

"ते गेले तरी राहतील गं," थोरला म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "आणि आपण जिथे उभे आहोत ना, तोही भरावच आहे. आजोबांनी टाकलेला. आपल्याकडे हे घराण्यातच आहे."

धाकटीला यावर बरंच काही बोलायचं होतं, पण आतून बापाची हाक आली. लेखकाने टेबलाशी आपली खुर्ची ओढून घेतली होती आणि पेन्सिलीला टोक काढत होता. "चला, आटपा. शेवटचं प्रकरण राहिलंय. पुस्तक उद्याच्या आधी संपवू, म्हणजे उद्या डोकं मोकळं."

*

धाकटी वाचायला बसली तेव्हा कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. नेहमीप्रमाणे ती बापाच्या समोर बसली होती, म्हणजे त्याला तिचे ओठ दिसत. थोरला पाय हलवत होता. सुनेने सासूशेजारची खुर्ची घेतली. एरवी ती नवऱ्याशेजारी बसायची, आणि ही अदलाबदल थोरल्याच्या नजरेतून सुटली नाही.

"'पहाटे,'" धाकटीने वाचलं, "'पाणी अजून काळं असताना बोरूचिमणी ओरडते. रस्ता आला, गाड्या आल्या, रात्रभर दिवे आले, तरी ती ओरडते. माझं वय झालं, पण मी अजून तिला ऐकतो...'"

टेबल वाजलं.

धाकटीने रागाने थोरल्याकडे बघितलं. थोरल्याचे दोन्ही हात मांडीवर होते. आवाज कुठून आला ते लेखकाला कळलं नाही, म्हणून तो एकेकाच्या हाताकडे बघत गेला आणि बायकोच्या हातापाशी येऊन थांबला. तिची मूठ टेबलावरच होती. तिने आणखी एकदा वाजवलं, त्याला दिसावं म्हणून.

"तू?" लेखक हसला. "अरे वा! सूर्य कुठे उगवला आज?"

"अहो, ती नाही ओरडत."

"काय म्हणालीस?"

"ती ओरडत नाही!" आईने प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं, वर्गात ढ मुलाला सांगावं तसा. "कितीतरी वर्षं झाली. मी खोटी मान हलवत होते. पहिल्या भरावानंतर एकदाही ऐकली नाही मी तिला. उद्या तुम्ही तिथे उभे राहून ती आहे म्हणून सांगाल, आणि त्यांच्याकडे यंत्रं आहेत. थोरला गॅलरीत बोलत होता ते मी ऐकलं. मला ऐकू येतं सगळं, तीच तर पंचाईत आहे."

धाकटीच्या हातातला कागद खाली आला. "आई, तू काय केलंस हे? मी त्या वाक्यावर... शाळाशाळांतून वाचून दाखवलं मी ते! लोक रडायचे!"

"तिला बोलू नकोस," थोरला म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस. तुझं बरंच झालं की हे. आईने तुमच्या कचेरीचं काम सोपं करून टाकलं."

"ताई, पुरे," सून म्हणाली. या घरात तिने इतक्या वर्षांत नणंदेला पहिल्यांदाच गप्प केलं. "त्यांना काय वाटतं ते बघा आधी."

सगळे लेखकाकडे वळले. तो पेन्सिल टेबलावर आडवी ठेवून बोटाने पुढेमागे लाटत होता. बायकोने अंग आकसून घेतलं. ओरडेल, उठून जाईल, निदान पेन्सिल तरी भिरकावेल, असं तिला वाटत होतं. या क्षणाची धास्ती घेऊन ती कित्येक पहाटे त्या बांधावर बसली होती.

"मला माहीत आहे," लेखक म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू आधी ताडकन मान हलवायचीस. माझं वळून होण्याआधीच. मग एका उन्हाळ्यात तू मान हलवण्याआधी माझ्या तोंडाकडे बघायला लागलीस." तो बोलत होता, पण बघत कुणाकडेच नव्हता. "दुसरं काही येत नाही मला. बघायचं आणि लिहायचं, एवढंच केलं जन्मभर. मला दिसणार नाही का ते?"

आई उभी राहिली, आणि खुर्ची मागे भिंतीवर जाऊन आदळली.

"म्हणजे तुम्ही मला खोटं बोलू दिलंत? रोज? मी देवाला तोंड दाखवत नव्हते! दुखते गुडघे घेऊन काळोखात चालत यायचे, का, तर मी नाही आले तर तुम्ही एकटे जाल आणि तुम्हाला कळेल म्हणून. आणि तुम्हाला कळलेलंच होतं! मग माझं काय केलंत तुम्ही? मी एवढी वर्षं चोरासारखी जगले ते कुणासाठी?"

"माझ्यासाठी," लेखक म्हणाला. "मला ती हवी होती. तू मान हलवलीस की मला लिहिता यायचं. तू नाही म्हणाली असतीस तर मी त्या दिवशीच संपलो असतो. मी घाबरलो. एवढंच आहे बघ. दुसरं काही कारण शोधत बसू नकोस, नाही सापडायचं. मीही शोधलं."

धाकटी रडत नव्हती, पण तिचा चेहरा उतरून गेला होता. आयुष्याचं एवढं मोठं गाठोडं तिने ज्या खांद्यावर टाकलं होतं तो खांदा तिथे नव्हताच, आणि हे तिला आत्ता, दुपारच्या लख्ख उजेडात कळत होतं. "बाबा," ती म्हणाली, "मग उद्या काय सांगणार होतात?"

"आहे म्हणून सांगणार होतो."

"मग तसंच सांगा!" ती पुढे झुकली. "यंत्रं चुकतात. एक पक्षी कुठेतरी राहिला असेलच. कुणीच पाहिलेला नाही, मग नाही असं तरी कोण सांगणार? तुम्ही आहे म्हटलंत तर तेवढंच सहा महिने लांबेल. सहा महिने तरी, बाबा!"

यावर थोरला बोलला. त्याला बोलायचं नव्हतं, हे त्याच्या बायकोला दिसत होतं. तिने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला, तरी तो बोललाच.

"मागच्या पुस्तकातलं ते पान आमच्या कचेरीत भिंतीला लावलं होतं. रस्ता झाला तरी चिमणी आहे, लेखक स्वतः लिहितात, मग रस्त्याने काय बिघडलं? त्याच जोरावर दुसरा टप्पा आखला. तेव्हा म्हणाले, चिमणी आहे म्हणजे रस्ता चालतो. आता म्हणतात, चिमणी नाही म्हणजे रस्ता चालतो." तो थांबला. "ती गप्प झाली तेव्हाच तुम्ही लिहिलं असतं ना बाबा, तर भरावाखालून पाणी जायला मोऱ्या घालायला लावता आल्या असत्या. पलीकडचं पाणी तुटलंय म्हणून बोरू वाळला. पाणी आलं असतं तर कदाचित..."

"पुरे कर," सून म्हणाली.

"असू दे. बोलू दे त्याला," लेखक म्हणाला. "मोऱ्या. हो." त्याने तो शब्द असा उच्चारला, जणू एवढ्या पुस्तकांतून तो एकदाही त्याच्या हाती लागला नव्हता. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कुणीही उठून त्याच्यापाशी गेलं नाही. आईसुद्धा नाही. उभ्या उभ्याच ती त्याच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली. तिला त्याची दया येत नव्हती. दया येईल म्हणून तिने वाट पाहिली, पण आली नाही.

"उद्या तुम्ही जायचं नाही," ती शेवटी म्हणाली. "मी जाते."

"तू काय सांगणार?"

"जे आहे ते. तुम्ही तिला ऐकलंच नाहीत, तुम्ही कसले साक्षीदार? ती होती तेव्हा मी ऐकत होते आणि थांबली तेव्हाही मीच ऐकत होते. पाणी कुठे तुटलं ते थोरला मला नकाशावर दाखवील."

थोरल्याने मान डोलावली. "दाखवतो. पण आई, तू असं सांगितल्यावर ती जागा एक दिवस राहणार नाही."

"नाही राहणार."

"मग कशाला जायचं?" धाकटीने विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

आईने भिंतीला टेकलेली खुर्ची ओढून जागेवर आणली आणि ती खाली बसली. धाकटीने मुद्रितं गोळा करायला घेतली. ही पानं आता कुणी छापणार नव्हतं, तरी तिने ती चारी बाजूंनी ठोकून सारखी केली.

लेखकाने तोंडावरचे हात काढले. डोळे लाल झाले होते. "माझ्यासाठी एक कर," तो बायकोला म्हणाला. "कशी ओरडायची ती, दाखव. तुला येईल. तुझ्या गळ्यात कुठलाही सूर बसतो."

"आता?"

"मी चांगला कान असतानाही लांबूनच ऐकली गं. आता आठवायला जातो तर काहीच येत नाही. मला वाटतं, आठवतंय असं मी नुसतं लिहीतच गेलो."

नाही म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण मग तिने डोळे मिटले, जीभ दातांमागे लावली आणि सूर काढला. खूप बारीक, खूप उंच, तीनदा चढून तुटणारा. सुनेच्या अंगावर काटा आला. थोरला पाय हलवायचा थांबला. धाकटीने कागद छातीशी धरले आणि आता ती रडायला लागली, कारण एवढी भाषणं देऊन, एवढी पानं तपासून तिने तो आवाज आज पहिल्यांदा ऐकला होता. लेखक पुढे वाकून बायकोच्या आवळलेल्या ओठांकडे बघत होता. मग त्याने मुलांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि त्याला कळलं की सूर सुरू झाला आहे.

"खाली घे," तो म्हणाला. "थोडा खाली."

तिने पट्टी खाली आणली.

"अजून. अजून खाली घे ना."

ती एकेक सूर उतरत गेली, अगदी लहान वर्गाला शिकवताना उतरायची तितक्या खाली. एका जागी लेखकाने एकदम हात वर केला. "आला! आला ऐकू!" त्याचा चेहरा उजळला. ती तोच सूर धरून राहिली आणि तो डोळे बारीक करून ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता त्याचा हात हळूहळू खाली आला.

"पण ही ती नव्हे," तो म्हणाला.

"नाही," आई म्हणाली. "ही ती नव्हे."